पाव फेरा

महापे-शीळ रस्त्यावर इक्रामभाई मशीनं किलोवर विकतो,
कांद्यासारखी.
"साडेपाचशे किलो भरेल ताई, अस्सल बीड. रंगाकडे बघू नका."
मी रंगाकडे बघतच नव्हते.
मी बघत होते चकाच्या पुढ्यातली वीतभर जागा,
जिथं तीस वर्षं कुणीतरी रोज तेवढंच काम केलं असणार.

पिशवीतून सरळपट्टी काढली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली,
पर्समधून फीलरच्या पात्यांचा जुडगा.
"पर्समध्ये काय काय ठेवता," तो हसला.
पाच शतांशाचं पातं खालून गेलं,
आठाचं गेलं,
दहाचं अडलं.
म्हणजे कणा सरळ आहे, फक्त पोट आत गेलंय.
चालेल.

ठाण्याच्या शोरूममध्ये दुसरा होता,
निळा, चकचकीत, टेबलावर मावणारा, हप्त्यानं मिळणारा.
एका बोटानं टूलपोस्ट ढकलला तर मान हलवून हो म्हणाला.
मशीननं इतक्या लवकर हो म्हणू नये.

बावीस वर्षं मी रबाळ्याच्या कारखान्यात तपासनीस होते.
मापाला उणं उतरलं की लाल ठिपका.
जुईकर, परशा मढवी, सगळे टर्नर माझ्या ठिपक्याला टरकून असायचे.
मशीनला हात लावायची मला बंदी नव्हती,
फक्त लाव असं कुणी म्हणालं नाही.
कारखाना मिटला. हातात आलेल्या पैशांकडे बघून
दीर म्हणाले, पिठाची गिरणी घाल, घणसोलीत चालेल.
बघते म्हटलं,
आणि गिरणीसाठी रिकामी केलेल्या खोलीत लेथ उतरवला,
सहा माणसं, दोन पाइप आणि एक ठेचलेला अंगठा.

थ्री फेजची मोटर घरच्या विजेवर चालेना.
कोपरखैरण्याच्या बंद जिममधून ट्रेडमिलची आणली,
जिच्यावर लोक धावून धावून तिथंच राहिले होते.
मोटरला पुली हवी. पुली कातायला लेथ हवा.
मग पहिली पुली प्लायवूडची, कानशीनं घासलेली, किंचित लंबगोल.
आठ दिवस थाडथाड करत तिनं
ॲल्युमिनियमची दुसरी कातून दिली
आणि मधोमध फुटली.
तिचं एक शकल मी देव्हाऱ्याशेजारी ठेवलंय.
देव्हाऱ्यात नाही.

ढिल्या जिबमागं थंड पेयाच्या डब्याचा पत्रा कापून घातला.
पायांखाली कन्व्हेयरच्या पट्ट्याचे तुकडे, दुहेरी,
कारण वरच्या मजल्यावर वाघचौऱ्यांची सून बाळंतीण.
पाणसळीतला बुडबुडा मधे यायला तीन रविवार गेले,
इंचाच्या डायलवर मिलिमीटरची पट्टी आखायला दोन महिने,
तोवर वरचं बाळ पालथं पडायला लागलं होतं.

एक गोष्ट मात्र जाता जात नाही.
हँडल उलटं फिरवलं की पाव फेरा काहीच घडत नाही.
हात फिरतो, आकडा फिरतो,
हत्यार जागचं हलत नाही.
नट बदलून पाहिला. थोडं उरलंच.

शेवटी जुईकरांना फोन लावला. गुडघे बदललेत त्यांनी.
म्हणाले, "असू दे ते. सगळ्यांतच असतं.
मागं जायचं तर चांगलं अर्धा फेरा जास्त जा,
आणि मापावर येताना नेहमी एकाच बाजूनं ये."
मग खोकले.
"तू नापास केलेले आमचे जॉब,
त्यातले निम्मे या पाव फेऱ्यातलेच गं."

बावीस वर्षांत हे कुणी मला सांगितलं नव्हतं.
मी तरी कुठं विचारलं होतं,
मायक्रोमीटर मिटून ठिपका द्यायला
असा किती वेळ लागतो.

काल पहिला बुश कातला.
पंचवीस हवा होता,
चोवीस पूर्णांक शहाण्णव.
लाल रंगाची बाटली शोधली, तळाशी ओली निघाली.
ठिपका दिला,
दुसरा तुकडा चकात धरला
आणि हँडल जरा जास्तच मागं नेलं.